'वन कट ऑफ द डेड'चे कौतुक झाले, पण समीक्षा झाली का?

धागाकर्ता

शिनइचिरो उएदा यांच्या 'वन कट ऑफ द डेड' या जपानी झोंबी-विनोदपटाला जगभरच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतले आणि ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. तरीही या चित्रपटावरची जी परीक्षणे माझ्या वाचनात आली, त्यांतून त्याचे खरे बलस्थान हाती लागत नाही, ही रुखरुख मनात राहिली आहे, म्हणून हा धागा काढत आहे. पुढील मजकुरात कथानक पूर्णपणे उघड केलेले आहे, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी कृपया आधी तो पाहावा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. चित्रपटाचे तीन भाग आहेत: पहिला म्हणजे दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपित होणारा एक झोंबीपट, मधला म्हणजे त्या प्रक्षेपणाच्या आधीची तयारी आणि तिसरा म्हणजे तेच प्रक्षेपण पडद्यामागून. तोक्योतील एन्बू सेमिनार या अभिनय व चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या उपक्रमातून हा चित्रपट उभा राहिला. खर्च सुमारे ३० लाख येन, कलाकार जवळजवळ सगळे अनोळखी आणि चित्रीकरणाचे मुख्य स्थळ म्हणजे मितो शहरातील एक बंद पडलेले जलशुद्धीकरण केंद्र. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचे मोजके खेळ झाले. एप्रिल २०१८ मध्ये इटलीतील उदिने येथे भरणाऱ्या आशियाई चित्रपटांच्या महोत्सवात प्रेक्षकांच्या मतदानात तो दुसरा आला आणि जून २०१८ मध्ये तोक्योतील दोन लहान चित्रपटगृहांत पुन्हा लागला. पाहणाऱ्यांनी इतरांना सांगितले, त्यांनी आणखी दहा जणांना सांगितले आणि बघता बघता तो तीनशेहून अधिक पडद्यांवर पोचला. जपानमधील उत्पन्न तीन अब्ज येनच्या पुढे गेले, म्हणजे खर्चाच्या हजारपट.

हा प्रवास इतका विलक्षण आहे की बरीचशी परीक्षणे त्यातच गुंतून पडली. त्यांचा साचा साधारणपणे ठरलेला दिसतो. आधी 'याहून अधिक वाचू नका' अशी विनंती, मग 'पहिली ३७ मिनिटे कळ काढा' असा दिलासा, मग खर्चाचा आकडा आणि शेवटी हा चित्रपट म्हणजे चित्रपटनिर्मितीला लिहिलेले प्रेमपत्र आहे, असा अभिप्राय. यातले काहीही खोटे नाही, पण चित्रपट चांगला का आहे हा प्रश्न एवढे सगळे वाचल्यानंतरही जिथल्या तिथे राहतो.

मला काय म्हणायचे आहे ते एका प्रसंगावरून सांगतो. पहिल्या भागात, म्हणजे एकाच अखंड टेकमध्ये घेतलेल्या ३७ मिनिटांच्या झोंबीपटात, पाठलाग ऐन भरात असताना कॅमेरा अचानक जमिनीवर पडतो आणि तसाच पडून राहतो. चौकट तिरकी होते, पात्रे तिच्याबाहेर निघून जातात आणि नुसते आवाज ऐकू येत राहतात. काही वेळाने कॅमेरा उचलला जातो आणि त्यानंतरच्या पाठलागात एकाएकी जुन्या चित्रपटांत असत तसे झटकन पुढे-मागे जाणारे झूम दिसू लागतात. पहिल्यांदा पाहताना हे निव्वळ ढिसाळ काम वाटते. तिसऱ्या भागात तोच क्षण पलीकडच्या बाजूने दिसतो. कॅमेरामनची पाठ धरली आहे, त्याला उठता येत नाही आणि 'मला एकदा चालवू द्या' म्हणून आधीपासून मागे लागलेली त्याची सहायक कॅमेरा उचलून धावत सुटते. झूमची हौस तिची आहे. पडद्यावर दिसलेल्या चुकीमागे एका माणसाची पाठदुखी होती आणि नंतरच्या शैलीमागे दुसऱ्या माणसाची मनात साठलेली इच्छा होती.

सबंध चित्रपट याच रीतीने रचलेला आहे. प्रत्येक दोषामागे एक माणूस आहे आणि त्या माणसाची ओळख आपल्याला मधल्या भागात, काहीच विशेष घडत नसताना, करून दिलेली असते. पात्रे उगाचच एकमेकांना छंद विचारत बसतात, कारण पलीकडे काहीतरी अडले आहे आणि वेळ काढायचा आहे. ध्वनिमुद्रक झोंबींच्या गराड्यातून मध्येच बाहेर पळतो, कारण त्याचे पोट बिघडले आहे. एकदा हे कळले की पुन्हा पाहताना पहिला भाग अधिकच हसवतो, कारण प्रत्येक अवघडलेल्या शांततेच्या मागे कोणाची धांदल उडाली आहे हे आपल्याला ठाऊक असते. निव्वळ धक्क्यावर उभ्या असलेल्या चित्रपटाला दुसऱ्यांदा पाहताना अशी धार चढत नाही. रहस्य राखण्यासाठी ज्यांनी रचनेबद्दल बोलणेच टाळले, त्यांनी चित्रपटाची सर्वांत कष्टाने साधलेली गोष्ट वाचकांपासून झाकून ठेवली, असे मला वाटते.

आणखी एक मुद्दा मांडून थांबतो. झोंबीपट समोर आला की झोंबी कशाचे प्रतीक आहेत याचा शोध घेण्याची समीक्षेला सवय आहे. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये अमेरिकेतील वंशभेद पाहिला गेला, त्यांच्याच १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये मॉलमध्ये भटकणाऱ्या प्रेतांत उपभोगाची चटक पाहिली गेली आणि ते अर्थ त्या चित्रपटांना पेलवणारे होते. उएदांचे झोंबी कशाचेच प्रतीक नाहीत. ती मेकअप केलेली नटमंडळी आहेत आणि त्यांच्यातला एक दारू पिऊन उभाही राहू शकत नाही. नेहमीची किल्ली लागेना, तेव्हा अनेकांनी 'गोड', 'निरागस' अशी विशेषणे लावून विषय संपवला. मला ही दाद कमी वाटते. सदस्यांनी आपापली मते सविस्तर मांडावीत.

प्रतिसाद १

मुद्दा पटला, पण समीक्षकांवर थोडा अन्याय होत आहे असे वाटते. चित्रपट प्रदर्शित होतो त्या आठवड्यात लिहिणाऱ्याचा वाचक चित्रपट न पाहिलेला असतो. त्याला पाठदुखीचा प्रसंग आधीच सांगितला, तर पहिल्या ३७ मिनिटांतला त्याचा गोंधळ कायमचा गेला, आणि हा गोंधळ अनुभवणे हा चित्रपटाच्या आनंदाचा अविभाज्य भाग आहे. तो हिरावून घेण्याचा अधिकार परीक्षण लिहिणाऱ्याला नाही.

तक्रार करायचीच असेल तर ती नंतरच्या लेखनाबद्दल करायला हवी. पहिल्या आठवड्यातले मौन समजण्यासारखे आहे, परंतु पुढे सविस्तर लेख लिहिण्यास कोणाचीच आडकाठी नसताना तेच मौन आणि तीच विशेषणे चालू राहिली, हे खरे दुर्दैव आहे. शिवाय परीक्षणांचे संकलन करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरच्या शंभर टक्क्यांमुळे चर्चा आणखीच थंडावली. तो आकडा एवढेच सांगतो की नोंद घेतलेली सर्व परीक्षणे अनुकूल होती. ती किती अनुकूल होती, हे त्यातून कळत नाही. दहापैकी सात गुण देणारी शंभर परीक्षणे असली तरीही तिथे शंभर टक्केच दिसतील. वाचकांनी मात्र त्याचा अर्थ 'निर्दोष' असा लावला आणि निर्दोष ठरलेल्या कलाकृतीबद्दल कोणी खोलात जाऊन बोलत नाही.

प्रतिसाद २

माझा वावर रंगभूमीवर असल्याने या चित्रपटाकडे मी त्या बाजूने पाहतो. अनेकांनी त्याची तुलना मायकेल फ्रेन यांच्या १९८२ च्या 'नॉइझेस ऑफ' या प्रहसनाशी केली आहे. त्या नाटकात पहिल्या अंकात एका नाटकाची रंगीत तालीम समोरून दिसते, दुसऱ्या अंकात त्याच नाटकाचा प्रयोग रंगमंचाच्या मागून दिसतो आणि तिसऱ्या अंकात सगळे कोसळते. तुलना योग्य आहे, पण ती करणाऱ्यांनी दोन्हींतला मूलभूत फरक लक्षात घेतलेला मला फारसा दिसला नाही.

फ्रेन यांच्या नाटकात प्रसंग मुळात कसा व्हायला हवा हे प्रेक्षकाला आधी कळते, आणि नंतर तो कसा बिघडतो हे पाहून तो हसतो. अपेक्षा आधी आणि तिचा भंग नंतर, हा प्रहसनाचा जुना मार्ग आहे. उएदांनी हा क्रम उलटा केला आहे. बिघडलेला प्रयोग आपण आधी पाहतो आणि तो बिघडला आहे हे आपल्याला माहीतच नसते, आपण त्याला फक्त वाईट समजतो. मूळ संहितेत काय होते हे मधल्या भागात कळते आणि हास्य थेट तिसऱ्या भागात येते. विनोदाची मांडणी करून त्याचे फळ तासाभराने द्यायचे आणि तोवर प्रेक्षकाला धरून ठेवायचे, हे फार धाडसाचे काम आहे. प्रहसन लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, फळ लांबणीवर पडले की प्रेक्षक मांडणी विसरतो हीच त्याची पहिली भीती असते. इथे विसरायला होत नाही, कारण मांडणी 'चूक' म्हणून मनात खुपत राहिलेली असते. म्हणून पहिला भाग अगदी नेमक्या प्रमाणात वाईट असणे आवश्यक होते, आणि ते प्रमाण साधणे मला या चित्रपटातले सर्वांत अवघड काम वाटते.

ओघाने आणखी एक नोंदवतो. या कल्पनेचे मूळ एका नाट्यसंस्थेच्या नाटकात आहे, यावरून २०१८ मध्ये श्रेयाचा वाद झाला होता आणि पुढे ते नाटक सहमूळकृती म्हणून मान्य करून तो मिटला. एका व्यक्तीच्या प्रतिभेची आणि जिद्दीची कहाणी सांगताना हा रंगभूमीचा वारसा परीक्षणांतून बहुधा वगळला जातो, याचे मला वाईट वाटते.

प्रतिसाद ३

मी विरोधी मत मांडतो. चित्रपट मला आवडला, पण त्याच्याभोवती जे वलय तयार झाले आहे ते मला मान्य नाही.

पहिली गोष्ट, ९६ मिनिटांपैकी ३७ मिनिटे म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक वेळ प्रेक्षकाकडून उधार मागितला जातो. त्या उधारीची परतफेड पुढे होते हे खरे, परंतु मधेच उठून गेलेल्या प्रेक्षकाला अरसिक ठरवणे चुकीचे आहे. त्याने जे पाहिले त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबरच होता. दुसरी गोष्ट, मधला भाग दृश्य म्हणून अतिशय सपाट आहे. बैठका, वाचन, घरगुती कुरबुरी, आणि हे सगळे दूरचित्रवाणी मालिकेच्या पद्धतीने टिपलेले. पुढच्या विनोदासाठी ही माहिती लागते म्हणून ती दिली आहे, एवढेच तिथे जाणवते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. याला विनोदी भयपट म्हणायचे, पण यात भय कुठे आहे? एडगर राइट यांच्या २००४ च्या 'शॉन ऑफ द डेड'शी तुलना करून पाहा. तिथेही हास्य भरपूर आहे, पण आईला चावा बसल्यानंतर मुलावर जी वेळ येते ती खरी आहे, आणि तिथे हसू थांबते. मेलेला माणूस तिथे मेलेला राहतो. स्वतः रोमेरो यांना तो चित्रपट इतका आवडला की त्यांनी २००५ च्या 'लँड ऑफ द डेड'मध्ये राइट आणि सायमन पेग यांना झोंबींच्या छोट्या भूमिका दिल्या. 'वन कट ऑफ द डेड'मध्ये ३७ मिनिटांनंतर कोणीच मेलेले नसते आणि पुढे कोणी मरणार नाही याचीही खात्री असते. दोन रसांचा मेळ घालणे अवघड असते म्हणून तर या प्रकाराचे कौतुक करायचे. ज्याने त्यातला एक रस अर्ध्या वाटेत सोडून दिला, त्याला याच प्रकारातली सर्वोच्च दाद देणे मला पटत नाही.

धागाकर्ता

प्रतिसाद १ मधील पहिल्या आठवड्याची मर्यादा मान्य आहे. माझा रोख त्यानंतरच्या लेखनावरच अधिक आहे. प्रतिसाद २ मधील उलट्या क्रमाचे निरीक्षण तर फारच मोलाचे आहे. परीक्षणांत मला जे वाचायला हवे होते ते हेच.

प्रतिसाद ३ मधील भयाच्या मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. भय नाहीसे होत नाही, त्याचा विषय बदलतो. थेट प्रक्षेपण चालू आहे, कॅमेरा थांबवता येत नाही, पुढच्या प्रवेशातला नट शुद्धीवर नाही आणि समोर काही सेकंदांत काहीतरी घडायलाच हवे, ही भीती तिसऱ्या भागात मला जाणवली आणि ती झोंबीच्या दातांपेक्षा कमी खरी नव्हती. शरीरावर ताबा नसलेला दारूबाज नट खरोखरच प्रेतासारखा लोंबकळत पुढे ढकलला जातो तेव्हा विनोद आणि भीती एकाच देहात असतात. मधल्या भागाच्या सपाटपणाबद्दल मात्र मी वाद घालणार नाही.

प्रतिसाद ४

चर्चेत फ्रेंच पुनर्निर्मिती आली नाही, म्हणून लिहितो. मिशेल हाझानाविशिअस यांच्या 'कुपे' या चित्रपटाने मे २०२२ मध्ये कान महोत्सवाचे उद्घाटन झाले. आधीच्या नावात 'झेड' हे अक्षर होते. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणात ते अक्षर आक्रमणाच्या समर्थनाचे चिन्ह बनले, त्यामुळे युक्रेनकडून विनंती झाली आणि नाव बदलले गेले. रोमाँ द्युरिस आणि बेरेनिस बेजो यांच्यासारखे नामवंत कलाकार, मूळ चित्रपटाच्या कितीतरी पट साधनसंपत्ती आणि रचना जवळजवळ तीच. समीक्षकांचा प्रतिसाद मात्र संमिश्र राहिला आणि मूळ चित्रपट पाहिलेल्यांना याची गरज काय, हा सूर वारंवार ऐकू आला.

या प्रकरणातून धागाकर्त्यांच्या मुद्द्याला अर्धे बळ मिळते आणि अर्ध्या मुद्द्याला शह बसतो. बळ असे की, केवळ रचनेचा धक्का हेच भांडवल असते तर नव्या प्रेक्षकासाठी पुनर्निर्मितीही तेवढीच प्रभावी ठरायला हवी होती. शह असा की, रचना जशीच्या तशी उचलूनही जे निसटले, ते बहुधा मूळ चित्रपटाच्या गरिबीतच होते. द्युरिस हा नावाजलेला नट वाईट चित्रपट काढण्याचे सोंग करत आहे हे आपण एक क्षणही विसरत नाही. जपानी चित्रपटात मात्र पात्रांची ओढाताण आणि ती भूमिका करणाऱ्यांची ओढाताण यांत आपल्याला सीमारेषा दिसत नाही. मग खर्चाचा आकडा परीक्षणात येणे अप्रस्तुत कसे? तो आकडा रचनेचाच भाग आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद ५

एका गोष्टीकडे अजून कोणी वळले नाही, ती म्हणजे अभिनय. विनोदी भयपटातला अभिनय समीक्षेत नेहमीच दुर्लक्षित राहतो आणि 'कलाकार अनोळखी' एवढ्यावर इथेही बोळवण झाली.

ताकायुकी हामात्सु यांनी साकारलेला दिग्दर्शक हिगुराशी पाहा. पहिल्या भागात तो नायिकेवर तुटून पडतो, तिचे सगळे आयुष्यच खोटे आहे म्हणून तिचा चेहरा खोटा दिसतो असे तिला सुनावतो आणि पुढे नायकालाही झोडपतो. तो आवेश अतिरंजित आणि नाटकी वाटतो. मधल्या भागात कळते की हा माणूस 'जलद, स्वस्त आणि बेताचे काम' या ब्रीदावर पोट भरणारा आहे, त्या नटनट्यांपुढे मान खाली घालून उभा राहणारा आहे आणि कोणत्याही मागणीला होकार देणारा आहे. ऐनवेळी दिग्दर्शकाची भूमिका स्वतःच करावी लागली, तेव्हा इतके दिवस गिळलेले सगळे त्याने संवादांच्या आडून बाहेर काढले. आता तोच अतिरेक पुन्हा पाहिला की तो नाटकी वाटत नाही, त्यात एका माणसाची खरी चीड दिसते. पहिला भाग पुन्हा पाहताना हामात्सु यांचा अभिनय तोच असतो, बदलतो तो आपल्याला लागणारा अर्थ. एकच कृती दोन अर्थांनी खरी ठरेल अशी करणे, हे कोणत्याही गंभीर चित्रपटात गौरवले गेले असते.

हारुमी शुहामा यांनी केलेली हिगुराशीची पत्नीही तशीच. भूमिकेत शिरली की बाहेर येता न येणारी, म्हणून अभिनय सोडलेली ही बाई जेव्हा ऐनवेळी उभी राहते, तेव्हा विनोद तर होतोच, पण वर्षानुवर्षे घरात बसलेल्या एका अभिनेत्रीची भूकही दिसते. यावर लिहिलेले मला फार थोडे सापडले.

धागाकर्ता

प्रतिसाद ५ बद्दल विशेष आभार. हिगुराशीच्या रागाचा हा उलगडा माझ्या मूळ लेखात यायलाच हवा होता इतका तो नेमका आहे.

प्रतिसाद ४ मधील प्रश्नाचे उत्तर मी शेवटच्या दृश्याच्या आधारे देतो. गरिबी पडद्यावर दिसते तेव्हा ती परीक्षणाचा विषय आहेच. माझी हरकत ती शाबासकीचे कारण म्हणून सांगण्याला आहे. शेवटी वरून घ्यायच्या दृश्यासाठी लागणारी क्रेन मोडते. दूरचित्रवाणीची माणसे म्हणतात, सोडून द्या, प्रेक्षकांना काय फरक पडतो. आयुष्यभर होयबा राहिलेला हिगुराशी पहिल्यांदा अडून बसतो आणि मग नेहमीप्रमाणे माघार घेतो. त्याच्या संहितेत त्याच्या खांद्यावर बसलेल्या मुलीचा लहानपणचा फोटो चिकटवलेला असतो. तो पाहून मुलगी सगळ्यांना कामाला लावते, मेकअपसकट मंडळी एकमेकांच्या पाठीवर चढून मनोरा रचतात आणि दृश्य मिळते. पहिल्या भागात ते किंचित थरथरत होते. ती थरथर कमी खर्चाची खूण म्हणून आपण पाहिलेली असते.

इथे चित्रपट चांगल्या कामाबद्दल एक स्पष्ट भूमिका घेतो. ते दृश्य कोणी मागितलेले नव्हते, ते नसते तरी कोणाच्या लक्षात आले नसते आणि वाहिनीच्या लेखी प्रक्षेपण सुरळीत पार पडले असते. बेताचे काम करणाऱ्या माणसाने एका दृश्यापुरते बेताचे काम नाकारले आणि त्यासाठी ज्यांना पैसे मिळणार नव्हते ती माणसे खाली वाकली. हा विचार 'निरागस' या विशेषणात मावत नाही. चित्रपटनिर्मितीवरच्या प्रेमाबद्दल परीक्षणांत पुष्कळ लिहिले गेले, पण वरिष्ठांना नको असलेली गोष्ट नीट करण्याचा हट्ट, त्याची किंमत आणि ती किंमत कोण मोजतो, याबद्दल लिहिले गेले नाही. फ्रेंच आवृत्तीतही मनोरा आहे, पण मोठ्या निर्मितीत तो पाहताना दुसरी क्रेन मागवता आली असती असे मनात येते आणि तो प्रसंग नुसता विनोद होऊन राहतो. प्रतिसाद ४ मधील सदस्यांना जो फरक जाणवला तो मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.